आधी कुठं लागलं ते सांग

आमच्या इंग्रजीच्या सरांनी उभ्या नोकरीत एकाही पोराला बोट लावलं नाही, आणि तरी दर गुरुवारी तिसऱ्या तासाला आमच्या वर्गातून असे धपाधप आवाज यायचे की शेजारच्या वर्गातली पोरं एकमेकांची तोंडं बघायची. आज कुणाचं तरी काही खरं नाही! मार खायची ती एक गोणी. युरियाची पांढरी गोणी, तिच्यात फाटक्या गाद्यांचा कापूस ठासून भरलेला, आणि छताच्या कडीला दोरखंडानं लटकवलेली. सर शर्टाच्या बाह्या वर सारायचे, चष्मा काढून पहिल्या बाकावर ठेवायचे आणि गोणीला हळूच एक चापटी द्यायचे. "टॅप," म्हणायचे. मग उघड्या हातानं जरा जोरात. "स्लॅप." मग मूठ वळून. "पंच." मग काठी घेऊन दोनतीनदा. "बीट." आणि शेवटी दम लागेपर्यंत सलग. "थ्रॅश! थ्रॅश म्हणजे हे! समजलं का बे?"

आम्हाला काय, फुकटची करमणूक. मग आमची पाळी यायची. सर शब्द सांगणार आणि आपण तेवढ्याच मापानं गोणीला हाणायचं. कमी पडलं तरी मार्क गेले, जास्त झालं तरी गेले. मुलींनाही सूट नव्हती. आमच्या वर्गात सगळ्यात चोख 'पंच' एका पुजाऱ्याच्या मुलीचा होता, तो बघायला सर मुद्दाम दोनदा सांगायचे.

हे सगळं झालं की फळ्यावर मोठ्या अक्षरात 'व्हायोलन्स' लिहायचे आणि गोणीपासून चार पावलं लांब जाऊन उभे राहायचे. "हा दाखवता येत न्हाई," म्हणायचे. "हा गावजेवणाच्या पातेल्यावानी हाय. लई मोठा. ह्यात चापटी बी मावती अन् दंगल बी मावती. कुणी हा शब्द वापरला की आपण झाकण काढून बघायचं, आत नेमकं काय शिजलंय." मग त्याच्या खाली बारके शब्द उतरायचे. फोर्स, असॉल्ट, क्रुएल्टी, ब्रुटॅलिटी. प्रत्येकापुढं आम्ही एकेक उदाहरण द्यायचं. बैलाला पराणी टोचणं कशात बसतं? माणसाला उपाशी ठेवणं कशात? घरात महिनाभर बोलणंच बंद करणं? या शेवटच्यावर एकदा पोरं विरुद्ध पोरी असं भांडण जुंपलं की घंटा झाली तरी कुणी उठेना. पोरी म्हणत होत्या बसतं, आम्ही म्हणत होतो हॅट, त्यात काय. सरांनी पोरींच्या बाजूनं फळ्यावर बरोबरची खूण केली आणि डस्टर घेऊन निघून गेले.

इंग्रज माणूस हाच शब्द वाऱ्याला, खोकल्याला, रंगालासुद्धा लावतो, हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि मग ते स्वतःच त्याच्या नादी लागले. त्यांचा खोकला कायम 'व्हायोलंट'. अंबाजोगाईच्या बसचं ब्रेक मारणं व्हायोलंट. पुढं माझ्या लग्नात नवरीच्या अंगावर भडक राणी रंगाचा शालू होता, तो बघून स्टेजवर येऊन म्हणाले, "पोरी, रंग व्हायोलंट हाय, पण तुला लई शोभतो." नवरी बिचारी दिवसभर मला विचारत होती, सर चांगलं बोलले का वाईट.

मराठीवरही त्यांचा राग होताच. "आपण तर सकाळपासून मारतोच," म्हणायचे. "गप्पा मारतो, चक्कर मारतो, भिंतीला रंग मारतो, विहिरीत उडी मारतो, लेकराला हाक मारतो, लाडात आलं तर मिठी बी मारतो. कुणाला लाज वाटती का? न्हाई. अन् एकदा का माणसाला खरोखर मारलं, की तो शब्द गायब! मग हात उचलला. मग समज दिली. मग जरासं झालं. अरे, काय झालं जरासं? पाऊस झाला का?"

पालक आले की आणखी मजा. एकदा एक बाप पोराचं बखोट धरून वर्गात आला. म्हणाला, "सर, ह्याला चांगला सोलून काढा. तंगडी तोडून हातात द्या. मी काय बी म्हणणार न्हाई." सरांनी हजेरी बाजूला ठेवली. "कोणती तंगडी?" बाप गडबडला. "म्हणजे?" "डावी का उजवी? गुडघ्यातून का खुब्यातून? अन् सोलायचं म्हणलात, तर चाकू आणलाय का? आमच्या शाळेत न्हाई." बाप म्हणाला, "सर, बोलायची पद्धत असती." सर म्हणाले, "आसती ना. पण ह्यो बघा, ह्याला ती पद्धत माहीत न्हाई." पोरगं दोन्ही हातांनी मांड्या धरून उभं होतं. बापानं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गुपचूप निघून गेला.

सीताफळाच्या दिवसांत सरांच्या पिशवीत कायम सीताफळं. शिकवता शिकवता खायचे आणि बिया एका पाकिटात जमा करायचे, जमिनीवर एकही पडू द्यायचे नाहीत. आमच्या सहामाहीच्या पेपरांना गर लागलेला असायचा. निवृत्त झाल्यावर ते घाटनांदूरला राहायला गेले आणि आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला यायचे, ते फक्त एका हॉटेलात बसून पेपर वाचायला. वाचायला म्हणजे तपासायला. खिशात लाल पेन. 'दोन गटांत बाचाबाची' असा मथळा दिसला की झालंच. "बाचाबाची तोंडानं होती. खाली लिहिलंय, डोक्याला अकरा टाके. तोंडानं टाके पडतेत का?" असं म्हणून खाट् करून रेघ ओढायचे आणि वर 'मारहाण' लिहायचे. हॉटेलवाला आधी चिडायचा. नंतर नंतर गिऱ्हाईकच त्याला विचारायला लागलं, "सरांचा पेपर आला का?"

मला त्यांनी धरलं ते नववीत. मी मधल्या सुट्टीत एका पोराला कंपासपेटी फेकून मारली होती. दुसऱ्या कुणा शिक्षकाकडं गेलं असतं तर दोन छड्यांत प्रकरण मिटलं असतं. सरांनी मला कागद दिला आणि पायरीवर बसवलं. मी तावातावानं सुरुवात केली, "सर, त्यानं माझ्या बापाला शिवी दिली म्हणून..."

"कावून मारलं ते म्या इचारलं का?" सर म्हणाले. "कावून नंतर. आधी कुठं लागलं ते सांग."

"तोंडाला."

"तोंड लई मोठं हाय. नेमकं."

"खालच्या ओठाला. आतून दात घुसला. रगत आलं."

"कशानं मारलं? किती लांबून? तो पडला का? रडला का? लिही."

मी लिहीत गेलो. रक्त शर्टावर सांडलं होतं ते लिहिलं. त्याच्या शर्टाला आईनं शिवलेलं ठिगळ होतं, त्यावर सांडलं होतं, तेही लिहिलं. पान भरलं. शिवीसाठी पानाच्या तळाला अर्धी ओळ उरली, आणि खरं सांगतो, ती लिहायची मला लाज वाटली. सरांनी ते पान मला त्या पोरासमोर वाचायला लावलं. तो पोरगा आता परळीला मोबाईलचं दुकान चालवतो. अजून भेटला की आधी खालचा ओठ बाहेर काढून दाखवतो आणि मग चहा सांगतो.

तर असल्या माणसाच्या हाताखाली शिकून मी पुढं काय झालो? अंबाजोगाईला एका वकिलाकडं टायपिस्ट. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून अर्ज, जबाब, उत्तरं सगळं माझ्याकडं. आणि त्या धंद्यात पहिली गोष्ट शिकलो ती ही, की आपल्या पक्षकारानं काही केलेलंच नसतं. त्यानं मारलं असलं तर 'किरकोळ झटापट' होते. त्यानं ढकललं असलं तर 'समोरची व्यक्ती तोल जाऊन पडते'. मी त्यात पटाईत झालो. वकीलसाहेब चारचौघांत म्हणायचे, ह्या पोराच्या हातात लोणी आहे. मला केवढा अभिमान!

लग्नसुद्धा सरांनीच जमवलं. सर मूळचे नेकनूरचे, माझ्या बायकोचे, अनिताचे, वडील त्यांचे बाळपणीचे मित्र. "पोरगं माझ्या हाताखालचं हाय, तापट हाय पण मनानं सरळ हाय," असं सर तिथं जाऊन सांगून आले, आणि मित्राच्या शब्दावर त्या माणसानं चौकशीसुद्धा केली नाही. अनिता शिवणकाम करायची. आल्या आल्या तिनं गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं घेतली. घरात मशीनचा आवाज, तिची बडबड. आमचं बरं चाललं होतं, असं मी म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी, एका रविवारी दुपारी, मी तिला मारलं.

कारण सांगत नाही. कोणतंही कारण सांगितलं तरी तुम्ही मनात तराजू काढाल, आणि एका पारड्यात तिला घालाल. ती त्याच दिवशी चारच्या बसनं नेकनूरला गेली. सोबत मशीन नेली नाही, पिशवी नेली.

आठ दिवस मी अकडून बसलो. येईल, कुठं जाते! पंधरा दिवसांनी फोन करायला लागलो, ती उचलेना. महिन्यानं तिच्या वडिलांचा निरोप आला की पोरगी काही पाठवत नाही. मग मात्र घरात झाकून ठेवलेली मशीन बघवेना. माझे चुलते, तात्या, गावच्या राजकारणातले. अशा गोष्टी मिटवण्यात त्यांचा हातखंडा. म्हणाले, "बैठक लावू. टॉवेल-टोपी घेऊन जाऊ, कागद करू, पोरीला गाडीत घालून आणू. तू फक्त मान खाली घालून बस."

आमच्याकडं ही रीतच आहे. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसतात, सासऱ्याला टॉवेल-टोपी चढवतात, इथून पुढं असं होणार नाही म्हणून कागदावर सह्या होतात आणि पोरगी त्याच गाडीतून नांदायला येते. पोरीला कुणी काही विचारत नाही. ती आत चहा करत असते.

मला वाटलं, कागद आपणच करावा. तोही इंग्रजीत, बाँडपेपरावर, झोकात टाइप करून. सासऱ्यांना इंग्रजी येत नाही, पण वजन पडेल. आणि सर तिथं वाचून मराठीत सांगतील, म्हणजे तर विषयच संपला. आता आठवलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. बायकोला मारून तिच्या बापाकडं इंग्रजी घेऊन निघालो होतो मी!

कागद घेऊन घाटनांदूरला गेलो. सर अंगणात बाजेवर बसले होते. त्यांना झाल्या प्रकाराची कुणकुण होतीच, पण माझ्या तोंडून काही आलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला, लाल पेन काढलं आणि वाचायला लागले. मी लिहिलं होतं, घरगुती गैरसमजातून क्षणिक तणाव निर्माण झाला आणि त्या भरात काही प्रमाणात बळाचा वापर घडून आला, त्याबद्दल खेद आहे. इंग्रजीत तर ते आणखीच गोड वाटत होतं.

सरांनी एकदा वाचलं. परत वाचलं. कागद उलटून मागची बाजू बघितली.

"काय शोधायलात, सर?"

"तुला. ह्यात घर हाय, गैरसमज हाय, क्षण हाय. अनिता एकदा बी न्हाई, अन् तू तर दिसतच न्हाईस. बळाचा वापर आपोआप घडून आला का? तुझा हात त्या दिवशी सुट्टीवर गेलता का?"

त्यांनी कागदावर मोठं शून्य काढलं, त्याभोवती गोल केला आणि उठले. "ये हिकडं."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोणी लटकत होती. निवृत्त होताना शाळेनं शाल-नारळ दिलं होतं, आणि सरांनी गोणी मागून घेतली होती. नातवंडं तिच्यावर झोके घ्यायची.

"दाखव," सर म्हणाले.

"काय?"

"काय केलंस ते."

मी हसायचा प्रयत्न केला. मग हातानं गोणीला जरासं लावलं. सर म्हणाले, "हा टॅप. एवढ्यासाठी पोरगी महिनाभर बापाच्या घरी बसली?" मी जरा जोरात मारलं. "हं. असं होतं का?" मी खाली बघत होतो. सर एकदम ओरडले. त्यांचा आवाज मी एवढ्या वर्षांत तसा ऐकला नव्हता. "असं होतं का? खरं दाखव लेका, हितं कुणी न्हाई!"

आणि मी खरं दाखवलं. त्या दुपारी जसा हात फिरवला होता तसाच फिरवला. गोणी कडीपर्यंत उडाली, पत्र्यावर आपटली, कापसाची धूळ आमच्या दोघांच्या तोंडावर आली. सर दोन पावलं मागं सरले. मी त्यांच्याकडं पाहिलं. सत्तर वर्षांचा तो माणूस माझ्याकडं असा बघत होता की मला अनिताचं त्या दिवशीचं तोंड दिसलं. तोवर मी ते बघितलंच नव्हतं. मी रागात होतो ना, रागातल्या माणसाला समोरचं तोंड कुठं दिसतं. मी तिथंच खाली बसलो आणि हुंदके देऊन रडलो.

सरांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. ते शेडच्या दाराशी उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी तिच्या बापाला शब्द दिलता. तू सरळ हायस म्हणून." मग खिशातून एक कोरा कागद काढला. "मराठीत लिही. तीन ओळींच्या वर न्हाई. कावून नंतर."

बैठकीला तात्या आणि मंडळी जीपनं गेली. सर म्हणाले, मी एसटीनं जातो, आणि मलाही त्यांनी एसटीत बसवलं. केजला एक सीताफळवाली चढली, तिच्या टोपलीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

सासऱ्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. तात्यांनी पाणी प्यायल्याबरोबर घोडं दामटलं. "पाव्हणं, पोरगं तापट हाय पण दिलदार हाय. जरासा हात उचलला गेला. घरोघर होतं. आता पोरीला..."

"पोराला बोलू द्या," सर म्हणाले.

"आवो सर, बोलायचं काय त्यात, मी हाय ना."

"तुमी मारलं का?"

मी उभा राहिलो. हातातला कागद उलगडला. वाचलं: "मी अनिताला मारलं. उजव्या हातानं, तोंडावर दोन चपराका मारल्या. मग ढकललं, तिचं डावं कोपर ओट्याच्या कडेवर आपटून फुटलं."

तिथं सात-आठ माणसं होती. तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "अबे येडा झालास का? बस खाली." सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते सतरंजीचा एक दोरा ओढत बसले. भांडण झालं एवढंच पोरीनं त्यांना सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. कोपराचं विचारलं तर म्हणाली होती, बसच्या दाराला लागलं.

"तीन."

आवाज आतून आला. अनिता दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. बैठकीत पोरीनं बोलायचं नसतं, हे तिला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"दोन न्हाईत. तीन मारल्या. तिसरी मी पडल्यावर."

मी आठवायला लागलो. आणि देवाशपथ, आठवलं. ती खाली बसली होती, कोपर धरून, आणि मी वाकलो होतो. मी लबाडी करून ते लपवलं नव्हतं. माझ्या डोक्यातून ते गळूनच गेलं होतं, आणि तिला ते महिनाभर आठवत होतं. शेडमध्ये एवढा रडलो, तरी हिशेबातून नेमकी तीच चपराक सुटली होती.

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं. मी सगळ्यांसमोर 'दोन' खोडलं. 'तीन' लिहिलं. 'तिसरी ती पडल्यावर' असं लिहिलं. कागद सासऱ्यांपुढं ठेवला. सर त्यांच्या मित्राकडं वळले आणि हात जोडले. "पोरगं मी आणलंतं. माझी बी चूक हाय." त्या माणसानं सरांचे हात धरून खाली केले.

"मी आज येणार न्हाई," अनिता म्हणाली. "मला येऊ वाटंल तवा मी येईन. न्यायला गाडी नको. कुणी बैठक लावायची न्हाई."

तात्या संतापले. टॉवेल-टोपी काखेत मारून जीपमध्ये जाऊन बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या मास्तरनं तुझा संसार बुडवला." गावातही वर्षभर हेच बोललं गेलं. मला तेव्हा सरांचा राग आला का? आला. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "सर, गोड बोलून घेतलं असतं तर आज ती गाडीत असती." सर म्हणाले, "आसती. अन् चौथी कवा बसली असती?"

त्यानंतर मी दर रविवारी नेकनूरला जायचो. पहिले तीन रविवार सर सोबत आले, नंतर म्हणाले, तुझं तू जा. सासरे पहिले दोन महिने फक्त पाणी देत. तिसऱ्या महिन्यात चहा आला. अनिता कधी बाहेर येऊन बसायची, कधी यायची नाही. आली की मी काही विचारत नसे. वकिलाकडचं काम मी सोडलं नाही, पोट आहे, पण 'किरकोळ झटापट' हे शब्द माझ्या बोटांनी परत टाइप केले नाहीत. साहेब कुरकुरले, मग ते स्वतःच तेवढी ओळ हातानं लिहायला लागले.

पाचव्या महिन्यात, एका बुधवारी, दारात रिक्षा थांबली आणि अनिता उतरली. मी धावत पुढं झालो, पिशवी घ्यायला हात पुढं केला. ती अर्धं पाऊल मागं सरकली.

तिचं तिला कळलंही नसेल. लगेच तिनं पिशवी दिली, हसली, म्हणाली, मशीनवर केवढी धूळ बसू दिलीत. पण मी ते पाऊल पाहिलं. आणि त्या दिवसापासून मला ते दिसतच राहिलं. दार उघडायला हात उचलला, पाऊल. पंख्याचं बटण दाबायला गेलो, खांदा आखडला. पूर्वीचा मी असतो तर चिडलो असतो, आता काय केलं मी, कितीदा माफी मागू! मी घरात हळू चालायला शिकलो. मागून यायचं असलं तर आधी खोकायचो. दीड वर्ष गेलं असं. या काळात सरांना मी दर महिन्याला भेटायचो. ते कधीही 'सगळं ठीक का' असं विचारायचे नाहीत. 'पाऊल?' एवढंच विचारायचे, आणि मी मान हलवायचो, अजून हाय म्हणून.

सरांनी मला इंग्रजी शिकवलं त्याबद्दल त्यांचे आभार मानणारे शंभर जण भेटतील. माझं देणं वेगळं आहे. स्वतःच्या हातानं केलेली गोष्ट तिच्या नावानं बोलायला त्यांनी मला लावली, आणि त्यात आपला मित्र, आपला शब्द, गावातली आपली किंमत, सगळं पणाला लावलं. ते नसते तर मी आज कसा माणूस असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तसले मी रोज टाइप करतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. सकाळी अनिता ओट्याशी भाकरी थापत होती. मला वरच्या फळीवरचा चहापत्तीचा डबा हवा होता. कामाची घाई, खोकायचं राहून गेलं. मागून येऊन तिच्या खांद्यावरून हात लांबवला, डबा काढला, आणि मग एकदम भानावर आलो. ती हलली नव्हती. पीठ लावत म्हणाली, "डबा परत जागेवर ठेवा, मला सापडत न्हाई मग."

मी डबा घेऊन तसाच बाहेर पळालो. अंगणातून सरांना फोन लावला. सरांना आता ऐकायला कमी येतं. मी हळू बोललो तर म्हणाले, मोठ्यानं बोल. आणखी मोठ्यानं बोललो. तरी नाही. शेवटी मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "सर! आज ती मागं सरली न्हाई!"

पलीकडून सरांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"मग मला काय फोन करायलास बे?" सर म्हणाले. "आत जा."

मी वळलो. आतला भाकरी थापायचा आवाज थांबला होता. अनिता पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कवापासून बघायलात तुमी?"

"तू रिक्षातून उतरलीस तवापासून."

तिनं मनगटानं डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं. ओट्याकडं वळली आणि म्हणाली, "बसा. भाकर गार व्हायलीय."